हुकूम आणि वर्दी

इ. स. १८७८ साली, विजेचा दिवा युरोपातील सामान्य माणसाच्या घरी पोहोचण्यापूर्वीच, कोपनहेगन येथील साक्स्टॉर्फ नावाच्या शल्यवैद्याने ज्यांची लघवी तुंबून राहत असे अशा रुग्णांवर एक धाडसी उपाय करून पाहिला. मूत्रमार्गातून आत सरकविण्याच्या नळीत त्याने धातूचे एक विद्युदग्र बसविले, दुसरे रुग्णाच्या ओटीपोटावर ठेवले, आणि मूत्राशय या दोहोंच्या मध्ये धरून त्यातून प्रवाह सोडला. जो स्नायू आपण होऊन आकुंचन पावत नाही त्याला बाहेरून चेतवावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. मूत्राशयाच्या जुनाट विकारांवर मज्जातंतूंना वीज देऊन आज जे उपचार केले जातात त्यांची वंशावळ मांडावयाची झाली, तर मूळपुरुष म्हणून याच साक्स्टॉर्फचे नाव घालावे लागते; परंतु आपल्या नळीतून वाहणारा प्रवाह आत जाऊन नेमके काय करतो हे त्याला ठाऊक नव्हते, आणि जगाला ते कळावयास पुढे एकशे चौदा वर्षे लागली.

त्याची कल्पना निराधार होती असे मात्र नाही. पंधरा वर्षांपूर्वीच जानुझ्झी या इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या पृष्ठरज्जूला वीज लावून मूत्राशय आकुंचन पावतो हे दाखविले होते, आणि पृष्ठरज्जूकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या आज्ञा ओटीपोटातील मज्जातंतूंच्या दोन निरनिराळ्या वाटांनी येतात असे अनुमान काढले होते. या प्रयोगांतून जी समजूत रूढ झाली ती अशी, की मज्जातंतू म्हणजे हुकूम पोहोचविणारी तार, आणि वीज म्हणजे कृत्रिम हुकूम. जिथे खरा हुकूम येईनासा झाला असेल तिथे हा कृत्रिम हुकूम पाठवावा की काम झाले. ही समजूत इतकी सरळ, इतकी सहज पटणारी होती, की तिच्या मोहातून बाहेर पडण्यात वैद्यकाची एक शतकाहून अधिक काळाची मेहनत खर्ची पडली.

वस्तुतः मूत्राशयाचा कारभार हा पेशवाईतील एखाद्या दूरच्या महालाच्या कारभारासारखा आहे. हुजुरातून हुकूम सुटतात हे खरे. पण महालाकडून हुजुराकडे रोजची वर्दी गेली नाही, किंवा भलतीच वर्दी गेली, तर हुकूमही भलतेच सुटतात. मूत्रपिंडांकडून थेंबाथेंबाने येणारे मूत्र हा स्नायूंचा कोश निमूटपणे साठवीत राहतो; दीडदोनशे मिलिलिटर साठा झाला की पहिली सूचना वर जाते, आणि चारपाचशेच्या सुमारास ती सूचना तातडीची होते. साठवणीच्या काळात कंबरेच्या वरच्या भागातून निघणारे तंतू कोशाला सैल राहावयास सांगतात, आणि कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून निघणारे दुसरे तंतू मूत्रद्वाराचा स्नायू आवळून धरतात. निचऱ्याची वेळ आली की त्याच त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मज्जामुळांतून आकुंचनाचा हुकूम येतो, आणि त्याच क्षणी द्वार उघडते. हे दोन व्यवहार, कोशाचे आवळणे आणि द्वाराचे उघडणे, एकाच वेळी घडवून आणणारी कचेरी मेंदूच्या बुंध्यात आहे, हे लंडनमधील बॅरिंग्टन या संशोधकाने १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले, आणि त्या स्थानाला आजही त्याचेच नाव आहे. तिच्याही वर मेंदूचा पुढचा भाग बसलेला असतो. पाहुणे बसले आहेत, गाडी चालू आहे, आता नको, हे सांगणारा तो. लहान मूल दोनतीन वर्षांचे होताना जे शिकते ते हेच, की आलेली वर्दी ऐकून घ्यावी आणि हुकूम मात्र राखून ठेवावा.

आपल्याकडे चरकाने बस्तीला, म्हणजे मूत्राशयाला, मस्तक आणि हृदय यांच्या पंक्तीला बसवून तीन महामर्मांत त्याची गणना केली, आणि सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले. या विकारांचे मूळ त्यांनी वायूच्या बिघाडात पाहिले म्हणून त्यांना मज्जातंतूंचे कार्य ठाऊक होते असे म्हणणे हा अतिप्रसंग होईल. परंतु ज्या अवयवाचे नावही चारचौघांत घेण्याचा लोक संकोच करतात तो बिघडला असता सारा देह धोक्यात येतो, ही त्यांची जाण अगदी यथार्थ होती, आणि तिची भयंकर प्रचिती विसाव्या शतकातील युद्धांनी आणून दिली.

पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला हात लावू नये, असा सल्ला प्राचीन इजिप्तच्या एका पपायरसात लिहिलेला आढळतो. त्या लेखात मान मोडलेल्या माणसाची लघवी त्याच्या नकळत ठिबकत राहते, हेही लक्षण नमूद आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत यात फारसा फरक पडला नव्हता. त्या युद्धात गोळी वा तोफगोळ्याचा तुकडा लागून ज्यांचे कंबरेखालचे अंग लुळे पडले, अशा सैनिकांपैकी शेकडा ऐंशीच्या आसपास मृत्युमुखी पडले, आणि मरणाचे कारण बहुधा प्रत्यक्ष जखम हे नसे. तुंबलेले मूत्र सडून मूत्रपिंडांपर्यंत चढलेले विष आणि पाठीवरील शय्याव्रणे ही दोन कारणे असत. हे चित्र बदलण्याचा निर्धार ज्याने केला तो लुडविग गुटमान हा ज्यू मज्जातंतुवैद्य नाझींच्या छळामुळे ब्रेस्लाऊ सोडून १९३९ साली इंग्लंडात आश्रयाला आलेला होता. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात मेरुदंडाच्या दुखापतींचा विभाग त्याच्या स्वाधीन करण्यात आला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलावयाची आणि लघवीची नळी घालताना कडक निर्जंतुकपणा पाळावयाचा, या दोन साध्या गोष्टींच्या बळावर त्याने मृत्यूच्या दारातून माणसे परत आणली. पुढे २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचा प्रारंभ झाला त्याच दिवशी, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा त्याने आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर भरविली, आणि त्या रोपट्याचा पुढे पॅरालिंपिक नावाचा वृक्ष झाला. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, ज्यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले होते, त्यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारतासाठी पहिले सुवर्णपदक मिळविले, ते याच परंपरेत. आणि दोनच वर्षांनी पुण्याजवळ खडकी येथे अशा जायबंदी जवानांसाठी जे पुनर्वसन केंद्र उभे राहिले, तेही गुटमानने घालून दिलेल्या वाटेवरचेच होय.

माणसे मरत होती तोवर मूत्राशयाचा प्रश्न काही आठवड्यांचा होता. ती जगू लागली तेव्हा तो आयुष्यभराचा झाला. तीस-चाळीस वर्षे दररोज चारसहा वेळा नळी घालून घेणे, किंवा मांडीला बांधलेल्या पिशवीसह वावरणे, हे ज्याच्या वाट्याला आले त्याला काही अधिक देता येईल काय, असा विचार ज्यांच्या मनात आला त्यांच्यापुढे हृदयाचे उदाहरण ताजे होते. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी वीज गेली, आणि भिंतीतील विजेवर चालणाऱ्या हृदयस्पंदकाच्या आधारावर जगणाऱ्या बालरुग्णांचा प्रश्न तेथील शल्यवैद्य लिलेहाय यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी अर्ल बाकेन या तंत्रज्ञाला बोलाविले, आणि गॅरेजात कारखाना चालविणाऱ्या या गृहस्थाने काही आठवड्यांतच बॅटरीवर चालणारी, गळ्यात अडकविता येईल एवढी पेटी तयार करून दिली. ज्या शहरात हे घडले त्याच शहरातील विद्यापीठात ब्रॅडली आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ च्या सुमारास मूत्राशयासाठी तसेच यंत्र बनविले: विद्युदग्रे मूत्राशयाच्या भिंतीत शिवलेली, ग्राहक कातडीखाली, आणि बाहेरून रेडिओलहरींनी दिला जाणारा हुकूम.

कुत्र्यांमध्ये ते उत्तम चालले. माणसांत मूत्राशय आकुंचन पावे, पण बहुतेकांच्या बाबतीत तो रिकामा होत नसे. कारण उघड होते, तरी ते पत्करणे कठीण गेले. विजेला सीमा ठाऊक नाही. ती मूत्राशयाच्या भिंतीवरून पसरून शेजारच्या स्नायूंना आणि मूत्रद्वारालाही चेतवी, त्यामुळे कोश आवळला जाई त्याच क्षणी दारही घट्ट लागे. शिवाय सतत फुगणाऱ्या आणि आक्रसणाऱ्या भिंतीत तारा टिकत नसत; त्या तुटत, सरकत, आणि रुग्णाला वेदना होत. मग संशोधक एक पायरी वर सरकले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नॅशोल्ड यांनी प्रत्यक्ष पृष्ठरज्जूच्या शेवटच्या टोकात विद्युदग्रे रोविली, आणि सॅन फ्रान्सिस्को येथे योनास व तनाघो यांनी १९७५ च्या सुमारास नाना आकारांची विद्युदग्रे त्याच जागी तपासली. अनुभव पुन्हा तोच. हुकूम जात होता. पण एकाच हुकुमाने कोश आणि द्वार दोन्ही आवळली जात होती, कारण बॅरिंग्टनच्या कचेरीने जे दोन हुकूम निरनिराळे आणि एकमेकांच्या विरुद्ध दिले असते, ते एका तारेतून देता येत नव्हते.

या अडचणीतून ज्याने मार्ग काढला तो जाइल्स ब्रिंडली हा विलक्षण मनुष्य लंडनमधील मज्जातंतूंचा शास्त्रज्ञ होता. १९६७ साली एका अंध स्त्रीच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर त्याने ऐंशी विद्युदग्रांचा पट बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखविले होते; वाद्यनिर्मितीच्या छंदापायी त्याने विजेवर चालणारे बासूनही घडविले. १९६९ पासून त्याने बबून माकडांवर मूत्राशयाचे प्रयोग आरंभिले, आणि विद्युदग्रे मूत्राशयावर किंवा पृष्ठरज्जूत न बसविता या दोहोंच्या मधल्या मज्जामुळांवर बसविली. प्रत्येक मज्जातंतू पाठीच्या कण्यात शिरताना दोन मुळांत विभागतो, आणि पुढच्या मुळातून हुकूम खाली येतो व मागच्या मुळातून वर्दी वर जाते, हे फ्रान्समधील माझांदी यांनी १८२२ सालीच दाखवून दिले होते. ब्रिंडलीने पुढची मुळे तेवढी निवडली. आणि द्वार आवळले जाते या अडचणीवर त्याने जो तोडगा काढला तो मला या साऱ्या इतिहासातील बुद्धिमत्तेचा सर्वांत सुंदर नमुना वाटतो. मूत्रद्वाराचा बाह्य स्नायू हा हातापायांच्या स्नायूंच्या जातीचा, चटकन आवळणारा आणि चटकन सुटणारा; मूत्राशयाची भिंत मात्र आतड्याच्या स्नायूंच्या जातीची, सावकाश आवळणारी आणि सावकाश सुटणारी. तेव्हा वीज अखंड न देता काही क्षण द्यावी, मग थांबवावी, पुन्हा द्यावी. वीज थांबताच द्वार सैल पडते, पण कोश अजून आवळलेलाच असतो; त्या फटीत मूत्राची एक चिळकांडी बाहेर पडते. अशा दहापंधरा चिळकांड्यांत मूत्राशय रिकामा होतो. निसर्गाची ही रीत नव्हे. पण निसर्गाने दोन स्नायूंना दिलेला हा गतिभेदच ब्रिंडलीने हत्यारासारखा वापरला.

१९७८ पासून त्याने आपले यंत्र माणसांत बसवावयास सुरुवात केली, आणि १९८२ साली पोल्की व रश्टन या सहकाऱ्यांसह त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शरीरात बॅटरी नव्हती. कातडीखाली एक ग्राहक, आणि रुग्णाच्या हातात एक पेटी. पेटीचा गोळा त्या जागी टेकवावा, कळ दाबावी, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या लघवी करावी. ज्याने कित्येक वर्षांत आपल्या मनाने लघवी केली नव्हती अशा माणसाला या कळीचे मोल काय वाटले असेल, याची कल्पना आपण धडधाकट माणसांनी सावकाश बसून केली पाहिजे. १९९४ साली ब्रिंडलीने पहिल्या पाचशे रुग्णांची हकीकत लिहिली.

परंतु या यशाला एक किंमत होती. कणा मोडलेल्या माणसाच्या मूत्राशयाला वरच्या कचेरीचा धाक उरलेला नसतो, त्यामुळे तो थोड्याशा साठ्यानेही आपोआप आवळू लागतो, दोन लघव्यांच्या मध्ये कपडे भिजतात, आणि आतला दाब चढून मूत्रपिंडांना इजा पोहोचते. हे थांबविण्यासाठी जर्मनीतील झाउअरवाइन यांनी ब्रिंडलीचे यंत्र बसवितानाच मागची मुळे कापून टाकण्याची पद्धत सुरू केली. वर्दी आणणारे तंतूच तोडले की मूत्राशय मुका होतो, शांत राहतो, आणि कळ दाबली की तेवढा हुकूम पाळतो. ज्यांची संवेदना अपघातानेच नष्ट झाली होती त्यांना हा सौदा परवडला; पण पुरुषांना प्रतिक्षिप्त शिश्नोत्थान गमवावे लागे, आणि ज्यांच्या ठायी थोडीबहुत संवेदना शिल्लक होती त्यांची तीही जाई. हुकुमाच्या मार्गाने जाता येईल तितके वैद्यक गेले, ते येथवर.

मात्र मूत्राशयाने पीडलेल्यांची फार मोठी संख्या मोडल्या कण्याची नाही. ती आपल्या घरात असते आणि बोलत नाही. माझी एक आत्या होती. तिला दर तासाभराने, कधी अर्ध्या तासाने जावे लागे, आणि लागली की थांबता येत नसे. एस.टी.ने प्रवास करावयाचा झाला तर ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. कीर्तनाला ती नेहमी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसे. आणि कोणत्या नातेवाइकाच्या घरी मोरी कोणत्या अंगाला आहे हे तिला त्या घरातील माणसांच्या नावांइतके पाठ होते. तिला भित्री, चंचल म्हणत. तिने कोणत्याही डॉक्टरांना हे सांगितल्याचे मला आठवत नाही. तिच्यासारख्यांचा कणा शाबूत असतो, मूत्राशयात खडा नसतो, गाठ नसते. केवळ वर जाणारी वर्दी अवाजवी तातडीची असते. तिच्यावर हुकुमाचे यंत्र बसवून काय उपयोग? तिचा मूत्राशय मुळातच गरजेपेक्षा अधिक आवळत होता.

वीज मूत्राशयाला शांतही करू शकते, याच्या खुणा तोवर इतस्ततः दिसू लागल्या होत्या. इंग्लंडात एक्सिटर येथील शल्यवैद्य कॉल्डवेल यांनी १९६३ साली सैल पडलेले द्वार आवळून धरण्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंत विद्युदग्रे बसविली होती. पुढे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे माग्नुस फाल यांनी स्त्रियांना योनिमार्गातून वीज देऊन पाहिले, तेव्हा द्वार आवळले जाण्याबरोबरच अतिचंचल मूत्राशय सैल पडतो असे त्यांना आढळले. हंगेरीत बुडापेस्ट येथे काटोना यांनी तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस साक्स्टॉर्फची विसरलेली नळीच पुन्हा हाती घेतली होती. पाठीचा कणा जन्मतः उघडा राहिलेल्या मुलांच्या मूत्राशयात ते दिवसचे दिवस सौम्य प्रवाह देत, आणि आपला हेतू स्नायू आवळण्याचा नसून भरलेल्या मूत्राशयाची जाणीव मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचविण्याचा आहे, असे सांगत. १९९२ साली स्वीडनमधील लिंडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर प्रयोग करून ही वीज नेमके काय करते हा प्रश्न मिटविला: मूत्राशयाच्या आत सोडलेली वीज प्रथम वर्दी नेणाऱ्या तंतूंना चेतविते, आणि मूत्राशय आवळतो तो त्या वर्दीला वरून आलेल्या उत्तराने. कोपनहेगनमधील त्या रुग्णांच्या मूत्राशयाला साक्स्टॉर्फ हुकूम देत आहे असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात त्याची नळी वर निरोप धाडीत होती.

या वळणाचे रूपांतर नित्याच्या चिकित्सेत केले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात, मूळचे इजिप्तचे एमिल तनाघो आणि त्यांचे सहकारी रिचर्ड श्मिट यांनी. त्यांनीही आरंभ मूत्राशय रिकामा करण्याच्याच उद्देशाने केला होता, आणि १९८२ च्या आपल्या लेखात ते त्याला मूत्राशयाचा स्पंदक असेच म्हणत होते. परंतु १९८१ पासून माणसांवर काम करताना त्यांच्या ध्यानात आले की त्रिकास्थीच्या तिसऱ्या मज्जामुळाला मंद वीज सतत देत राहिले, स्नायू जोराने आवळणार नाही इतकी मंद, तर बेताल मूत्राशय हळूहळू ताळ्यावर येतो. मूळ कापावयाचे नाही, अवयव हलवावयाचा नाही; त्या वाटेने जाणाऱ्या बेसुमार वर्दीत एक शांत, एकसारखी वर्दी मिसळावयाची, की वरची कचेरी घाबरून हुकूम सोडीत नाही. याच पद्धतीचे यंत्र पुढे मिनिआपोलिसच्या त्याच गॅरेजातून वाढलेल्या मेडट्रॉनिक कंपनीने बनविले.

ती जागा शोधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. रुग्णाला पालथे निजवितात, त्रिकास्थीवरील तिसऱ्या छिद्रातून लांब सुई आत घालतात आणि तिच्यातून क्षणभर वीज सोडतात. सुई योग्य ठिकाणी असेल तर दोन खुणा दिसतात: बैठकीच्या तळाचे स्नायू लोहाराच्या भात्यासारखे आत ओढले जातात, आणि पायाचा अंगठा खाली वाकतो. सगळे पाऊल वळू लागले तर सुई एक छिद्र वर आहे, आणि पायाला काहीच झाले नाही तर एक छिद्र खाली. मूत्राशयाच्या दुखण्यासाठी शल्यवैद्याची नजर पायाच्या अंगठ्यावर खिळलेली असते. ही जागा सापडली की प्रथम तात्पुरती तार ठेवतात, आणि रुग्णाने आपल्या हाताने रोजनिशी लिहावयाची असते: किती वाजता लागली, किती झाली, वाटेत किती सांडली. त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली कायमचे यंत्र बसते. माणसाच्या देहात यंत्र घालण्यापूर्वी त्याच्याच लेखी साक्षीवर निर्णय सोपविणारी दुसरी शस्त्रक्रिया मला माहीत नाही.

१९९७ साली अमेरिकेच्या औषध-नियामक कचेरीने अनावर घाईमुळे लघवी सुटण्याच्या विकारावर या यंत्राला परवानगी दिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांनी गुण न आलेल्या ज्या ३४ जणांना यंत्र बसविले होते त्यांपैकी १६ जण सहा महिन्यांनी पूर्णपणे कोरडे होते, आणि आणखी दहा जणांचा त्रास निम्म्याहून अधिक उतरला होता. सर्वांना गुण येत नाही. तार सरकते, यंत्राच्या जागी दुखते, बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, हेही तितकेच खरे. २००३ साली इटलीतील स्पिनेल्ली यांनी मांसात रुतून बसणाऱ्या काट्यांची तार आणली, तेव्हापासून मोठा छेद घेण्याची गरज उरली नाही.

ज्यांना तेवढीही शस्त्रक्रिया नको त्यांच्यासाठी वर्दीची वाट आणखी खाली, घोट्याशी सापडली. पोटरीतून तळपायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूची मुळे त्याच त्रिकास्थीत आहेत. अमेरिकेतील मॅकग्वायर यांनी १९८३ साली या तंतूला वीज देऊन अनावर मूत्राशय शांत केल्याचे लिहिले, आणि स्टॉलर यांनी १९९९ च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले. चिनी सूचिवैद्यक ज्या बिंदूला फार पूर्वीपासून जाणत होते, त्याच्याच आसपास, आतल्या घोट्याच्या तीन बोटे वर, केसासारखी बारीक सुई टोचावयाची आणि अर्धा तास वीज द्यावयाची. असे आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. येथेही खूण अंगठ्याचीच. २०१० साली २२० रुग्णांच्या चाचणीत खऱ्या सुईने शेकडा ५४.५ जणांना लक्षणीय गुण आला, तर सुईचे नुसते सोंग केलेल्यांपैकी २०.९ जणांना. आत्या आरामखुर्चीत पाय लांब करून अर्धा तास बसली असती, याची मला खात्री आहे.

सर्वांत अवघड कोडे मात्र दुसऱ्या टोकाच्या रुग्णांचे होते. विशी-तिशीतील काही निरोगी स्त्रियांची लघवी एकाएकी पूर्ण बंद होई. लिटरभर मूत्र साठले तरी त्यांना लागल्याची जाणीव होत नसे, आणि तपासणीत काहीच न सापडल्यामुळे त्यांच्यावर उन्मादाचा शिक्का मारला जाई. लंडनमध्ये क्लेअर फाउलर यांनी १९८५ च्या सुमारास अशा स्त्रियांच्या मूत्रद्वाराच्या स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत्-हालचाल ध्वनिवर्धकावर ऐकली, तेव्हा समुद्राखाली देवमासे गातात तसा चढउताराचा आवाज आला. तो स्नायू कधी विसावतच नव्हता, आणि त्या आवळलेल्या द्वाराकडून जाणारी वर्दी मूत्राशयाची वर्दी दाबून टाकीत होती. ज्यांना वेड्या ठरविले होते त्यांचा आजार असा कानांना ऐकू येईल इतका खरा निघाला. तिसऱ्या मज्जामुळाची तीच मंद वीज, जी उतावळ्या मूत्राशयाला थोपविते, या स्त्रियांना मात्र लघवी करू देई. दासगुप्ता, फाउलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मेंदूची चित्रे काढून दाखविले की या स्त्रियांचा मूत्राशय भरला तरी मेंदूच्या ज्या मध्यभागाने त्याची दखल घ्यावयास हवी तो स्तब्ध राहतो, आणि यंत्र चालू केल्यावर तो पुन्हा जागा होतो.

यंत्र सुरू झाल्यानंतर अशा रुग्ण स्त्रीच्या बाबतीत पहिली खूण नळीतील मूत्राच्या मापावर दिसत नाही. ती तिच्या तोंडून कळते. ज्या जाणिवेने माझ्या आत्याचे आयुष्य दाराजवळच्या रांगेत गेले, तीच जाणीव, कित्येक वर्षांनंतर, या स्त्रीला पुन्हा होते, आणि ती परिचारिकेला सांगते की मला लघवीला लागली आहे.